पाळीच्या गोळ्या

पार्सल कारभारींच्या नावानं आलं, सगळी गफलत तिथूनच सुरू झाली.

निजामोद्दीन पोस्टमननं सायकल ओट्याला टेकवली, पिशवीतून खाकी कागदात गुंडाळलेला डबा काढला आणि उलटसुलट करून पाहिला. "कारभारी चाचा, व्हीपी है तुमचं. दिल्लीवरून. पैसे द्या आन् इथं सही करा बराबर."

कारभारींनी सही केली आणि सहीवर शिक्काही मारला. सोसायटीचं चेअरमनपद जाऊन सात वर्षं झाली होती, पण रबरी शिक्का त्यांनी परत दिलाच नव्हता. तो बंडीच्या खिशात असायचा आणि जागा मिळेल तिथं उमटायचा. लग्नपत्रिकेवर, डेअरीच्या कार्डावर, एकदा तर थोरल्या नातवाच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा. या घरात विजेच्या बिलापासून बाळाच्या डोसाच्या कार्डापर्यंत सगळं त्यांच्याच नावानं यायचं, त्यामुळे पार्सलचंही त्यांना नवल वाटलं नाही.

डब्यात पांढऱ्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या आणि इंग्रजी मजकुराची एक पुसट झेरॉक्स. कारभारींना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यानं त्यांचं कधी अडलं नव्हतं. आपल्या नावानं, थेट दिल्लीहून गोळ्या आल्या म्हणजे त्या आपल्या गुडघ्याच्याच. धाकट्या पोराला, तातेरावला, बापाच्या गुडघ्याची एवढी काळजी आहे हे पाहून त्यांना भरून आलं. पाण्याचा तांब्या मागवला तोच तुळजाबाई आतून आल्या आणि त्यांनी डबा काढून घेतला.

"आधी पोराला इचारा. दिसलं का टाक घशात, असं काहून करता?"

तातेराव भोकरदनच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मका घेऊन गेला होता. तुळजाबाईंनी नातीकडून घरच्या फोनवरून त्याचा मोबाइल लावून घेतला. तिकडे हमाल ओरडत होते, शेजारी ओळखीचे चार जण उभे होते, आणि तातेरावला या विषयावर मोंढ्यात मोठ्यानं बोलायची अजिबात इच्छा नव्हती.

"माय, ते दादाच्या गुडघ्याचं न्हाई," तो हाताची ओंजळ करून म्हणाला. "पाळीच्या गोळ्या हायेत त्या. पाळीच्या! बेबीजवळ…"

मागून ट्रकचा हॉर्न वाजला आणि बेबीजवळच्या पुढचंच नव्हे, तर खुद्द 'बेबीजवळ'सुद्धा त्यात बुडालं. तुळजाबाईंना 'पाळीच्या गोळ्या' एवढंच ऐकू आलं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

नवरात्राच्या दिवसांत, आणि तेही रेणुकाईच्या गावात, पाळीच्या गोळीचा अर्थ एकच. पाळी पुढं ढकलायची गोळी. देवीच्या कामात अडचण नको म्हणून गावातल्या निम्म्या बाया ती घेत, दुकानदार चिठ्ठीबिठ्ठी न मागता देत, आणि पुढचे दोन महिने अंगाचा सगळा हिशेब चुकला तरी देवीचं पार पडलं म्हणून कुणी तक्रार करत नसे. त्यातून यंदा अष्टमीची परडी भरायची पाळी थोरल्या सुनेची, दुर्गाबाईची होती. तुळजाबाईंनी पंचवीस वर्षं परडी स्वतः भरली होती. यंदा गुडघे कुरकुरले आणि त्यांनी मोठ्या मनानं, म्हणजे तीनदा शब्द फिरवून चौथ्यांदा, तो मान सुनेला दिला. आणि दुर्गाबाईची तारीख नेमकी अष्टमीला येत होती.

"पाह्य, दिरानं तुह्यासाठी दिल्लीवरून मागवल्या," तुळजाबाई म्हणाल्या आणि पट्ट्या सुनेच्या हातावर ठेवल्या. "एक सकाळी, एक संध्याकाळी. ठाऊक हाय ना?"

दुर्गाबाईला ठाऊक होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. नवरा पुंजाराम संभाजीनगरच्या एका कंपनीत होता, दसऱ्यालाच यायचा. एकोणीस वर्षं तिनं या घरात परडीतल्या पोळ्या लाटल्या होत्या, पण परडीला हात लावला नव्हता. दीर कधी नीट बोलायचा नाही, आणि त्यानं आपली एवढी आठवण ठेवली! तिला दिराबद्दल आजवर जे जे वाटलं होतं त्याची थोडी लाजही वाटली.

*

धाकटी बेबीनंदा कापूस वेचून संध्याकाळी घरी आली, तेव्हा दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून गोळी तोंडात टाकत होती. शेजारी तोच खाकी कागद पडला होता. गेले तीन आठवडे बेबीनंदा त्याच कागदाची वाट बघत होती.

तिनं तोंड उघडलं. "जाऊबाई, ती…"

"काय गं?"

आता सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. पोटात पुन्हा राहिलंय. बाळ दहा महिन्यांचं आहे, त्याच्या वेळी पोट फाडून काढावं लागलं होतं, आणि तीन वर्षं पुन्हा दिवस जाऊ देऊ नका असं डॉक्टरनं बजावलं होतं. हे ऐकून घेणारा नवरा तेव्हा मान हलवत होता आणि नंतर सगळं विसरला. बेबीनंदाला मूल नको होतं, याहून साधी गोष्ट म्हणजे तिला मरायचं नव्हतं. पण सासूसमोर, तेही नवरात्रात, हे बोलायचं कसं?

"काही न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "पाणी देऊ का आणखी?"

त्या रात्री तिला झोप लागली नाही. एका गोळीनं काय होतंय, असं ती स्वतःला समजावत राहिली. तिचा नवराही गेले तीन आठवडे तिला तेच सांगत होता, की गोळ्यांनी काय होतंय.

*

सप्तमीच्या दुपारी दुर्गाबाईला हुडहुडी भरली. मग पोटात मुरडा आला, मग जुलाब, आणि मग, ज्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, नेमकं तेच झालं. तेही नेहमीसारखं नाही, भडभडून.

"देवीचा कोप झाला!" तुळजाबाईंनी जाहीर केलं. "माह्या हातची परडी काढून देली, ते न्हाई खपलं तिला."

"तिला का तुला?" कारभारी पुटपुटले, पण हळूच.

ओसरीवर जावईबापूही येऊन बसले होते. बद्रीनाथ, धावड्याचे. त्यांचं तिथं खत-औषधाचं दुकान होतं, त्यामुळे पिकाच्या, जनावराच्या आणि माणसाच्या कोणत्याही आजारावर ते अधिकारवाणीनं बोलत. त्यांनी लिंबू-साखरेचं पाणी सुचवलं. मोंढ्यातून परतलेल्या तातेरावनं आत डोकावून पाहिलं, वहिनीच्या उशाशी पडलेली पट्टी पाहिली, आणि त्याच्या तोंडचा रंगच गेला. तो मागच्या दारानं बाहेर पडायच्या बेतात होता, पण दारात बेबीनंदा उभी होती.

"उषाबाईला बोलवा," ती म्हणाली.

"गप गं. कमी होईन थोड्या वेळानं."

"तुम्ही बोलवता का मी जाऊ?"

तातेराव गेला. उपकेंद्राच्या उषाबाई नर्स आल्या, दुर्गाबाईची नाडी, डोळे पाहिले, रक्तदाबाचा पट्टा बांधला, किती कपडे भिजले ते विचारलं. मग उशाशी पडलेली पट्टी उचलून उजेडात धरली. बराच वेळ धरली.

"कुणी दिल्या या?"

"म्या," तुळजाबाई म्हणाल्या. "पाळीच्या गोळ्या हायेत. लहान्यानं मागवल्या."

"पाळीच्याच आहेत," उषाबाई म्हणाल्या. "पण पाळी ढकलायच्या नाहीत, आणायच्या. पोट पाडायच्या गोळ्या आहेत या. हिच्या पोटात काही नव्हतं म्हणून एवढ्यावर निभावलं, तरी उद्या हिला डॉक्टरला दाखवायचंच." त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि सगळ्यांकडे बघितलं. "मागवल्या कुणासाठी होत्या?"

कारभारींनी छताकडे पाहिलं. बद्रीनाथांनी कारभारींकडे पाहिलं. तातेराव चपलेचा पट्टा नीट करू लागला, जो नीटच होता.

"माह्यासाठी," बेबीनंदा म्हणाली. "जाऊबाईनं घेतली तव्हा म्या पाह्यलं होतं. तोंड उघडलं न्हाई म्या. माफ करा जाऊबाई."

आतून दुर्गाबाईचा आवाज आला. "पाणी देऊ का म्हणली होती मला!"

"हो."

"देलं बी होतंस!"

"हो, जाऊबाई."

दुर्गाबाईनं रागानं कूस बदलली आणि कण्हली.

*

पुढचा तासभर त्या ओसरीवर जो तो बोलत होता, आणि जिच्या पोटाविषयी चाललं होतं ती खांबाला टेकून उभी होती.

"नवरात्रात पोट पाडायचं?" तुळजाबाई म्हणाल्या. "देवीच्या गावात?"

"आन् माह्या नावानं?" कारभारी म्हणाले. त्यांचं खरं दुःख हेच होतं. "पोट पाडायच्या गोळ्या माह्या नावानं आल्या, आन् म्या वरून शिक्का मारला! निजामोद्दीनच्या कागदावर शिक्का हाय माहा!"

"शिवाय हा गुन्हा असतो," बद्रीनाथांनी भर घातली. "भोकरदनच्या दवाखान्यात मोठी पाटी लावेल हाय. जेल होते."

"ती पाटी मुलगा का मुलगी तपासायची आहे, जावईबापू," उषाबाई म्हणाल्या. "तो गुन्हाच. पण बाईच्या जिवाला धोका असला, तर मान्यता असलेल्या डॉक्टरकडून गर्भपात करून घेणं गुन्हा नाही. कायदा आहे त्याला, तुमच्या लग्नाच्या आधीपासूनचा."

"मंग मी काय वायलं केलं?" तातेरावला एकदम धीर आला. "मी बी तेच केलं. फक्त डॉक्टरला त्रास न्हाई देला. भोकरदनात गेलो की समदे ओळखतेत, गावभर होतं. नेटवर बसून, गुपचूप, घरच्या घरी. शंभर टक्के सेफ हाय, तिथंच लिहेल हाय."

'घरच्या घरी' ऐकून तुळजाबाईंची बोटं पदरावर थांबली. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"कुणी लिहिलंय?" उषाबाईंनी विचारलं.

"कंपनीनं."

"कंपनीचं नाव?"

तातेरावनं आठवून पाहिलं. "डॉट कॉम," तो म्हणाला.

"डॉक्टर कोण त्यांचा?"

"फोटो व्हता. गळ्यात ते नळीवालं. मोठा डॉक्टर दिसत व्हता."

"त्यानं बेबीला तपासलं?"

"फोटो कसा तपासंल, ताई!"

"तेच विचारतेय मी."

बद्रीनाथांनी एव्हाना डबा आपल्याकडे ओढून घेतला होता. इतका वेळ ते मेहुण्याच्या बाजूचे होते, कारण मेहुणा पुरुष होता. पण आता हातात पट्टी आली आणि त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पट्टी मागून-पुढून पाहिली, नखानं खरवडली.

"तातेराव, ह्याच्यावर बॅच नंबर न्हाई."

"असंल कुठंतरी."

"न्हाई. आन् मुदत खोडून पुन्हा छापेल हाय, पाह्य. खालचा आकडा दिसतोय. पत्ता न्हाई, बिल न्हाई. हा बोगस माल हाय बिलकुल!" ते खरोखर संतापले होते. "माह्या दुकानात असला डबा आला असता ना, तर मी एजंटाला हाकलून देलं असतं. कपाशीवर बी मारलं नसतं मी हे!"

"मामा," बेबीनंदा खांबापासून हलली. ती सासऱ्यांशी बोलत होती, पण ऐकवत सगळ्यांना होती. "मागल्या साली दाजींच्याच दुकानातून औषध आणलं तव्हा तुम्ही पक्कं बिल मागलं व्हतं. सील पाह्यलं, मुदत पाह्यली. कृषी साहेबाला बांधावर बोलवलं, किती मारायचं ते इचारलं. तीन एकर कपाशी व्हती. मी कितीची हाय?"

कारभारींनी खिशातला शिक्का चाचपला.

"आता तसं कशाला काढते," तातेराव म्हणाला. "मी मनानं न्हाई केलं काही. हिशेब केला व्हता. नेटवर लिहेल व्हतं, सात आठवड्यांच्या आत पाह्यजे. शेवटची पाळी श्रावणातल्या पुनवेला. म्हंजे राखीला. ऑगस्टची तीस तारीख. सात आठवडे आन् वर दोन दिवस. दोन दिवसानं काय होते?"

"राखीला?" उषाबाईंनी बेबीनंदाकडे पाहिलं. तिच्या पापणीखाली बोट लावून डोळा ओढला, आतला पांढरटपणा पाहिला. तिला आत नेऊन पोट तपासलं आणि कपाळाला आठ्या घालून बाहेर आल्या. "हे सात आठवड्यांचं पोट नाही. बेबी, नीट आठव. राखीलाच?"

"पुनव व्हती. श्रावणातली. पण राखी…" ती थांबली. "राखीला मी माहेरी गेल्ते. तव्हा न्हवती आली."

"मग कोणती पुनव?"

"श्रावणातलीच. मी यांना तसंच सांगलं. बाजूला बसले व्हते त्या दिवशी."

तातेराव हात पसरून म्हणाला, "श्रावणात पुनव एकच असते, ताई."

"यंदा दोन व्हत्या," तुळजाबाई म्हणाल्या.

सगळे वळले. तुळजाबाई इतका वेळ भिंतीवरच्या एका फोटोकडे पाहत होत्या, आणि आता त्यांचा आवाज वेगळाच येत होता.

"यंदा श्रावण दोन व्हते. पह्यला अधिक, धोंड्याचा. जावईबापूला वाण द्यायला बोलावलं व्हतं ना आपण? अनारशे केल्ते. ते त्या पुनवेला. एकशे आठ अनारशे म्या एकटीनं तळले, कारण थोरली माहेरी व्हती, आन् ही…" त्यांनी बेबीनंदाकडे बोट केलं, "ही बाजूला बसली व्हती. म्या दिवसभर हिला शिव्या देल्या. बराबर हाय का जावईबापू?"

"बराबर," बद्रीनाथ म्हणाले. "अनारशे जरा कडक झाले व्हते."

दोन हजार चारचं कॅलेंडर आणलं गेलं. उषाबाईंनी जुलैच्या पानावर बोट ठेवलं आणि एकेक आठवडा खाली उतरत आल्या. "एकतीस जुलै. साडेअकरा आठवडे झाले. तातेराव, तुमच्या नेटला अधिक महिना ठाऊक नव्हता."

तातेरावचा पंचांगावर विश्वास नव्हता. तो ते नेहमी हसून सांगायचा. आज हसला नाही.

"आता ऐका सगळे," उषाबाई म्हणाल्या. "साडेअकरा आठवड्यांचं पोट, दहा महिन्यांपूर्वी टाके, अंगात रक्त नाही. या गोळ्या हिनं घरच्या घरी घेतल्या असत्या, तर अर्धवट पडलं असतं आणि रक्त थांबलं नसतं. गर्भ पिशवीत आहे का नळीत, ते तरी कुणी पाहिलं? नळीत असता तर गोळीनं काही झालं नसतं, नळी फुटली असती. मग काय केलं असतं तुम्ही?"

"मुबारकची जीप…" कारभारी म्हणाले.

"मुबारक माहूरला गेलाय, भाविक घेऊन. तीन दिवस झाले. गावात गाडी नाही."

"मंग बैलगाडी," कारभारी सवयीनं म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

तुळजाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून. फोटोपाशी गेल्या. कारभारींच्या धाकट्या भावाची बायको, द्वारकाबाई. कपाळभर कुंकू, वय चोवीस. बावीस वर्षं तो फोटो तिथं होता आणि दर पित्राला त्याला हार पडायचा. कशानं गेली असं नातवंडांनी विचारलं की घरातला प्रत्येक जण एकच शब्द सांगायचा, पोटदुखीनं.

"हिच्या पोटात दुखत न्हवतं," तुळजाबाई म्हणाल्या.

"तुळजा," कारभारी म्हणाले.

"न्हवतं दुखत. चौथं व्हतं, नको व्हतं तिला. मला म्हणली, जाऊबाई, काही करा. जत्रेत एक बाई बसायची औषधं घेऊन. तिच्याकडून म्या आणलं. म्या! तिला म्हणलं, डॉक्टरची गरज न्हाई, गावभर व्हईल. आपण घरच्या घरी करू." त्यांनी पदरानं फोटोची काच पुसली. काच स्वच्छच होती. "तिसऱ्या दिशी बैलगाडीत टाकून नेली भोकरदनला. अर्ध्या वाटेतून गाडी माघारी फिरवली, वरून गोधडी टाकली. आन् तुम्ही ओट्यावर उभं राहून सांगलं, पोटदुखी. तव्हापासून समदे तेच म्हणून राह्यले. म्या बी."

आतून दुर्गाबाई, घोंगडी अंगाभोवती धरून, भिंतीच्या आधारानं दारापर्यंत आली. ती एकोणीस वर्षं रोज त्या फोटोला उदबत्ती लावत होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "उद्या मी बी जाणार हाय ना तपासायला? मंग बेबीला माह्यासंगंच नेऊ. एका गाडीत दोघी."

"आन् परडी?"

"परडी तुम्हीच भरा. एकोणीस वर्षं थांबले, आणखी एक साल." मग तिनं दिराकडे पाहिलं. "आन् भाऊजी, तुम्ही माही आठवण ठेवली म्हणून मी काल देवीला तुमच्यासाठी हात जोडले व्हते. ते वापस घेतले म्या."

उषाबाईंनी उरलेल्या गोळ्या आपल्या पिशवीत टाकल्या. तातेराव म्हणाला की पैसे गेलेत, निदान परत तरी पाठवू. पण पत्ताच नव्हता. तक्रार कुणाकडे करायची, डॉट कॉमकडे का, असं बद्रीनाथांनी विचारलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सासुरवाडीला त्यांचं बोलणं पटलं.

"शनिवारी बारा आठवडे पुरे होतात," जाताना उषाबाई म्हणाल्या. "त्याच्यापुढं दोन डॉक्टरांचं मत लागतं. म्हणून उद्याच. फॉर्मवर सही लागेल."

कारभारी सावरून बसले. अखेर त्यांच्या खात्यातलं काहीतरी आलं होतं. "सही देतो की. शिक्का बी मारून देतो आत्ताच. घरच्या मोठ्या माणसाची पाह्यजे का नवऱ्याची?"

"कुणाचीच नाही. बाई सज्ञान आहे. सही फक्त तिची."

"फक्त बाईची?"

"फक्त बाईची."

"मंग आम्ही काय करायचं?" कारभारींनी प्रामाणिकपणे विचारलं.

"गाडी बघा," उषाबाई म्हणाल्या.

*

सकाळी दूधवाल्याच्या टेम्पोतून चौघं भोकरदनला गेले. तुळजाबाई मागं लागून आल्या. अष्टमी होती, परडी घरी रिकामी होती, पण त्या म्हणाल्या, देवीला सांगितलंय, संध्याकाळी भरीन.

डॉक्टरीणबाईंनी आधी दुर्गाबाईला तपासलं. रक्तस्राव कमी होत आला होता, धोका नव्हता. मग बेबीनंदाची सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, टाक्यांची जागा पाहिली. गर्भ पिशवीत होता. अंगात रक्त कमी होतं, एक बाटली हाताशी ठेवून दुपारी करू, असं त्या म्हणाल्या.

"शेवटची पाळी कधी?"

"श्रावणा…" तातेराव म्हणाला.

"तू गप," तुळजाबाई म्हणाल्या. "एकतीस जुलै, बाई. अधिकातली पुनव."

"हे तुमचं तुम्ही ठरवलंय ना?" डॉक्टरीणबाईंनी बेबीनंदाला विचारलं. "यांच्यापैकी कुणी सांगितलं म्हणून नाही?"

बेबीनंदाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ओसरीवर तासभर चाललेल्या बोलण्यातसुद्धा नाही. "माहं मी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला.

फॉर्म पुढं आला. तातेरावनं खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, वाकला आणि जागा शोधू लागला. त्याच्या दुसऱ्या खिशात बापानं लागला तर म्हणून दिलेला शिक्का होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातातून फक्त पेन घेतलं आणि बेबीनंदाला दिलं.

"तुम्ही बाहेर बाकावर बसा."

तातेराव बाकावर बसला. समोर पाटी होती. त्यानं ती चार वेळा वाचली, आणि भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे साडेचार वाजले तेव्हा पाचव्यांदा वाचायला घेतली.

*

दसऱ्याला सकाळी दोघी सुना घरी आल्या. बेबीनंदा पांढरी पडली होती, पण टेम्पोतून स्वतः उतरली, स्वतः ओट्याच्या पायऱ्या चढली आणि आत जाऊन बाळाला मांडीवर घेतलं. दुर्गाबाईनं तिच्या पाठीशी उशी लावली आणि विचारलं, "पाणी देऊ का?" दोघींना एकदम हसू फुटलं. बेबीनंदानं पोट धरून तिला थांब म्हटलं.

दुपारी निजामोद्दीन सोनं घेऊन आला. आपट्याची पानं कारभारींच्या हातात ठेवून त्यानं गळाभेट घेतली आणि इकडेतिकडे पाहून विचारलं, "चाचा, अष्टमीला सूनबाईला दवाखान्यात नेलं म्हणत्यात. काय झाल्तं?"

कारभारींच्या तोंडात शब्द तयारच होता. बावीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेला. "अरे, काही न्हाई, पोटदु…"

दारात तुळजाबाई उभ्या होत्या. हातात द्वारकाबाईच्या फोटोसाठी झेंडूचा हार होता. त्या नवऱ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. कारभारींनी तोंड मिटलं. खिशात हात घातला, तर शिक्का अजून तातेरावच्याच खिशात होता.

"दवाखान्यात गेल्ती," तुळजाबाई निजामोद्दीनला म्हणाल्या. "चालत गेली, आन् चालत आली."